दगडाला उकळी आणणारा क्रोनस्टेट: कळव्याच्या हवेशी त्याचा काय संबंध?

दगड फुटतो, झिजतो, भट्टीत घातला तर वितळतोही. पण दगड उकळतो का?

१७५६ साली स्वीडनमधल्या एका खाण अधिकाऱ्याने असा दगड पाहिल्याचं लिहून ठेवलं. फुंकणीच्या ज्योतीत धरल्यावर तो खडा फुगायला लागला, त्याला फेस आला, जणू आत पाणी खदखदतंय. त्याने ग्रीक भाषेतले दोन शब्द घेतले, एक उकळण्याचा आणि एक दगडाचा, आणि नाव ठेवलं झिओलाइट. सरळ मराठीत ‘उकळता दगड’.

या अधिकाऱ्याचं नाव अ‍ॅक्सेल फ्रेडरिक क्रोनस्टेट. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीत येऊन जातो, निकेलचा शोध लावणारा म्हणून. झिओलाइटचं नाव त्या ओळीत बहुतेक वेळा नसतंच. खरं तर आज आपल्याशी जास्त संबंध या दुसऱ्या शोधाचा आहे.

कळव्यातून बाहेर पडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं की दिघा, ऐरोली, रबाळे, महापे असा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. रंग, छपाई, औषधं, रसायनं अशा उद्योगांत टोल्युइन, झायलिन, इथाइल अ‍ॅसिटेट असे द्रव वापरावे लागतात. हे द्रव उघड्यावर लगेच उडून जातात. नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर येतो तो वास याच जातीचा. या वाफा दीर्घकाळ श्वासातून गेल्या तर डोकेदुखीपासून मज्जासंस्थेच्या त्रासापर्यंत बरंच काही होऊ शकतं. बेंझिनमुळे तर कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. शिवाय या वाफा आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो.

या वाफा पकडण्यासाठी जगभर जे पदार्थ वापरले जातात, त्यांत झिओलाइट महत्त्वाचा आहे. पण वाफ पकडणं सोपं असतं. भरलेला झिओलाइट पुन्हा रिकामा कसा करायचा, तो खराब न करता किती वेळा वापरायचा, हा अवघड भाग. याला रीजनरेशन म्हणतात. आणि त्याचं मूळ त्या स्वीडिश माणसाच्या ज्योतीपाशी आहे.

हजेरीपटावर नाव नसलेला विद्यार्थी

क्रोनस्टेटचा जन्म २३ डिसेंबर १७२२ चा, स्वीडनच्या सॉडरमनलंड प्रांतातला. घराणं सरदारांचं. वडील लष्करात मोठे अधिकारी, तटबंदी आणि किल्ले यांची कामं बघणारे. मुलाने हीच वाट धरली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं.

१७३८ पासून तो उप्साला विद्यापीठात जाऊन बसायला लागला. रीतसर नाव न नोंदवता. तिथे त्याला योहान वालेरियस भेटला, जो पुढे रसायनशास्त्राचा मोठा प्राध्यापक झाला. खनिजांची गोडी इथे लागली. मधेच रशियाशी युद्ध सुरू झालं आणि क्रोनस्टेटला वडिलांचा सचिव म्हणून लष्करी पाहणी दौऱ्यांवर फिरावं लागलं. शिक्षण अर्धवट राहिलं म्हणायला हरकत नाही. पण ज्याला दगड बघायचे आहेत, त्याच्यासाठी देशभर फिरणं हे काही वाया जाणं नव्हे.

त्या काळी स्वीडनचा संसार लोखंड आणि तांब्यावर चालायचा. त्यामुळे खाणींवर देखरेख करणारं सरकारी मंडळ हे अत्यंत वजनदार खातं होतं. क्रोनस्टेट या खात्यात शिरला. १७४६ ते १७४८ या काळात तो स्टॉकहोमला जॉर्ज ब्रांटच्या प्रयोगशाळेत शिकला. ब्रांट म्हणजे कोबाल्टचा शोध लावणारा. किमयागारांचे सोनं बनवण्याचे दावे एकेक करून खोडून काढणं हा त्याचा आणखी एक उद्योग. तेव्हा रसायनशास्त्र आणि किमया यांच्यात स्पष्ट भिंत उभी राहिलेली नव्हती. क्रोनस्टेटला गुरू मिळाला तो नेमका भिंत बांधणाऱ्यांतला.

खाणीतला चकवा

जर्मनीच्या खाणकामगारांना एक तांबूस दगड वारंवार सापडायचा. दिसायला तांब्याचं खनिज. भट्टीत घातलं की तांबं काही निघायचं नाही, वर विषारी धूर. त्यात आर्सेनिक असायचं, पण हे कुणाला ठाऊक? कामगारांनी ठरवलं, हे खाणीतल्या भुताचं काम. त्याला ते ‘कुप्फरनिकेल’ म्हणायला लागले, म्हणजे तांब्यातलं भूत. आपल्याकडे रानात वाट चुकवणारा चकवा असतो, तसा हा तांब्याचा चकवा. गंमत म्हणजे कोबाल्टचं नावही खाणीतल्या भुतावरूनच पडलेलं आहे.

क्रोनस्टेटकडे स्वीडनमधल्या लोस गावच्या कोबाल्ट खाणीतलं खनिज आलं होतं. त्यावर हिरवट पापुद्रा होता. हिरवा रंग म्हटलं की तांबं, हा तेव्हाचा सरळ हिशोब. हे खनिज आम्लात विरघळवलं, त्यात लोखंड टाकलं, की लोखंडावर तांब्याचा लाल थर चढायला हवा. तो चढला नाही. मग त्याने हिरवी भुकटी कोळशाबरोबर तापवली. हाती आला पांढरट, कडक धातू, आणि तो चुंबकाकडे ओढला जात होता.

१७५१ साली त्याने हा नवा धातू असल्याचं जाहीर केलं. १७५४ साली पुन्हा लिहिलं आणि दाखवून दिलं की जर्मनांच्या कुप्फरनिकेलमध्येही हाच धातू आहे. भुताच्या नावातला तांब्याचा भाग गळला आणि निकेल उरला. भारताने १९५० साली काढलेलं रुपयाचं नाणं याच धातूचं होतं. घरात आजोबांच्या डब्यात ते असेल तर फ्रिजवरचं चुंबक लावून बघा.

पण क्रोनस्टेटचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही. विशेषतः फ्रान्समधल्या काही रसायनतज्ज्ञांच्या मते हा नवा धातू वगैरे काही नव्हता, लोखंड, कोबाल्ट, आर्सेनिक यांचीच खिचडी होती. आणि त्यांचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. क्रोनस्टेटच्या नमुन्यात अशुद्धी होत्याच. शंभर टक्के शुद्ध निकेल काढून दाखवल्याशिवाय वाद मिटणार नव्हता आणि ते त्याच्या हयातीत झालं नाही. टॉर्बर्न बर्गमन या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने बराच शुद्ध निकेल बनवून त्याचं म्हणणं खरं ठरवलं ते १७७५ साली. तोवर क्रोनस्टेटला जाऊन दहा वर्षं झाली होती.

सोनाराची फुंकणी

आपल्याकडे सोनार फुंकणीने ज्योतीवर हवा मारतो, ज्योत टोकदार होते आणि नेमक्या जागी उष्णता लागते. स्वीडनमध्ये खाणखात्यातली काही माणसं हीच युक्ती खनिजं ओळखायला वापरत होती. क्रोनस्टेटने तिला शिस्त लावली. कोळशाच्या तुकड्यावर खनिजाचा कण ठेवायचा, ज्योत मारायची आणि बघायचं. वितळतो का? रंग कोणता? वास कसला? टाकणखार घातल्यावर काचेचा मणी कोणत्या रंगाचा होतो?

यामागे नुसती हौस नव्हती. दूरच्या खाणीवर सापडलेला दगड स्टॉकहोमला पाठवून उत्तराची वाट बघण्यात महिने जात. फुंकणी खिशात मावते. खाणीच्या तोंडाशी बसून पाच-दहा मिनिटांत अंदाज येऊ लागला, तर राज्याचा पैसा आणि माणसांची मेहनत दोन्ही वाचतात.

१७५८ साली त्याने खनिजशास्त्रावर पुस्तक काढलं. लेखक म्हणून स्वतःचं नाव घातलं नाही. त्यात त्याने खनिजांची रंगरूपावरून नव्हे तर ती कशाची बनली आहेत यावरून विभागणी केली. माती, क्षार, जळणारे पदार्थ आणि धातू, असे चार गट. अनेक खनिजांचा मिळून बनलेला खडक आणि एकच खनिज यांत त्याने फरक केला, जो आज आपल्याला इतका उघड वाटतो की तो कुणीतरी पहिल्यांदा करावा लागला हेच विसरायला होतं. पुस्तकाची भाषांतरं झाली. १७७० च्या इंग्रजी आवृत्तीला तर खिशातल्या प्रयोगशाळेवरचं, म्हणजे फुंकणी आणि तिच्या सरंजामावरचं स्वतंत्र प्रकरण जोडलेलं होतं.

तुरटीची लाही आणि उकळता दगड

आता येऊ १७५६ कडे. दोन नमुने होते. एक स्वीडनच्या अगदी उत्तरेचा, लॅपलंडमधल्या स्वाप्पावारा इथल्या तांब्याच्या खाणीतला. दुसरा आइसलंडचा. फुंकणीखाली दोन्ही फुगले, फेसाळले.

तव्यावर तुरटी टाकून तिची लाही करताना तुम्ही पाहिलं असेल. ती बुडबुडते, फुलते, कारण आतलं पाणी वाफ होऊन निघतं. झिओलाइटमध्येही पाणीच असतं, पण ते असतं वेगळ्या तऱ्हेने. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची एक जाळी, मधे पोकळ खोल्या, खोल्यांना जोडणारी दारं. ही दारं एका नॅनोमीटरपेक्षाही लहान. पाणी या खोल्यांत पाहुण्यासारखं राहतं. घर त्याच्यावर उभं नसतं.

क्रोनस्टेटला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याने फुंकणीची प्रखर ज्योत लावली, त्यामुळे पाणी तर गेलंच, दगडही वितळून काचेसारखा झाला. म्हणजे त्याने घर रिकामं करता करता पाडूनच टाकलं. १८४० साली फ्रान्सच्या दामूरने दाखवलं की हेच काम जपून केलं, हळू तापवलं, तर पाणी निघून जातं, स्फटिक तसाच राहतो आणि ओल मिळताच पुन्हा पाणी पितो. रिकामं करा, भरा, पुन्हा रिकामं करा. रीजनरेशन म्हणजे एवढंच. क्रोनस्टेटची उकळी आणि दामूरचा संयम यांत फरक फक्त तापमानाचा होता, आणि आजचे कारखानेही याच फरकावर अडतात.

शेवटची वर्षं

१७६० साली क्रोनस्टेटने गेर्ट्रूड शार्लोटा सॉडरहिएल्म हिच्याशी लग्न केलं. खाणखात्याची नोकरी, डालार्ना भागातली जमीन, असं आयुष्य लागी लागलं होतं. १९ ऑगस्ट १७६५ रोजी सेटर इथे तो गेला. वय ४२. निकेल वादात, पुस्तकावर नाव नाही आणि झिओलाइट म्हणजे संग्रहालयात ठेवण्याची एक चमत्कारिक वस्तू.

त्याने आणखी एका जड खनिजाचं वर्णन केलं होतं. त्याला तो टंगस्टन म्हणायचा, स्वीडिशमध्ये याचा अर्थ जड दगड. पुढे या नावाचा धातूही सापडला. आज तेलशुद्धीकरणात जड तेलाचे रेणू तोडायला जे उत्प्रेरक वापरतात, त्यांतल्या एका नेहमीच्या प्रकारात झिओलाइटवर निकेल आणि टंगस्टन बसवलेलं असतं. तिन्ही नावांच्या मुळाशी हाच एक माणूस. असं जमून येणं विरळाच.

आपल्याच कातळातला झिओलाइट

स्वीडनच्या टोकाला जे नवल वाटलं, ते महाराष्ट्रात पायाखाली आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना वायूंचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पाणी झिरपून स्फटिक वाढले. स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट हे सगळे झिओलाइट. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. मुंबईत मालाड, कांदिवली, कुर्ला इथल्या खाणी संग्राहकांमध्ये प्रसिद्ध होत्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या, दगडाबद्दलचं मत बदलेल. कळव्याच्या मागे उभा असलेला पारसिकचा डोंगरही याच लाव्हाचा.

तरी कारखान्यात वापरतात तो झिओलाइट बहुधा डोंगरातला नसतो. विसाव्या शतकात ब्रिटनचा रिचर्ड बॅरर आणि अमेरिकेच्या युनियन कार्बाइडमधले मिल्टन, ब्रेक यांनी प्रयोगशाळेत झिओलाइट घडवायला सुरुवात केली. १९५४ पासून तो बाजारात मिळू लागला. हव्या त्या मापाचं दार असलेला दगड आता मागवता येत होता.

भरलेला झिओलाइट रिकामा कसा करायचा?

वाफा पकडण्याची एक नेहमीची रचना म्हणजे मोठं चाक. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, आत झिओलाइटचा लेप. चाक तासाला दोन-चार फेरे घेतं, इतकं सावकाश. बहुतेक भागातून कारखान्याची दूषित हवा जाते आणि वाफा आत अडकतात. एका छोट्या फाळीतून साधारण २०० अंश सेल्सिअसची गरम हवा सोडतात, तिथे अडकलेल्या वाफा सुटतात. मग ती फाळी गार करून पुन्हा कामाला. सोडलेली गरम हवा मूळ हवेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी असते, त्यामुळे तिच्यातली वाफ घट्ट असते आणि ती जाळून टाकायला इंधन कमी लागतं.

यापुढची कल्पना म्हणजे झिओलाइटवर प्लॅटिनम, पॅलेडियम, तांबं किंवा मँगनीज यांचे सूक्ष्म कण बसवायचे. थंड असताना तो वाफ पकडतो. तापवला की धातूच्या कणांवर ती वाफ तिथल्या तिथे जळते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन बाहेर पडते. वेगळी भट्टी नको. ऐकायला फार छान आहे. अडचण अशी की टोल्युइन झिओलाइटमधून सुटायला लागतो ते तापमान कमी, आणि धातू त्याला जाळायला सुरुवात करतो ते जास्त. मधल्या काळात सुटलेली वाफ न जळता चिमणीतून निघून जाऊ शकते. म्हणून तापवायचं किती, यासोबत किती वेगाने तापवायचं हेही ठरवावं लागतं. शिवाय जळताना स्वतःची उष्णता निघते ती वेगळीच. एखाद्या कोपऱ्यात तापमान भडकलं की धातूचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांचा पृष्ठभाग घटतो आणि उत्प्रेरक मंदावतो.

दुसरं दुखणं काजळीचं. स्टायरिनसारखे काही पदार्थ आत गेल्यावर एकमेकांशी जोडले जातात आणि दारांत अडकून बसतात. तापवल्यावर त्यांचा कोळसा होतो, दूध तळाला लागावं तसा. हा कोळसा काढायला नेहमीपेक्षा जास्त तापमान लागतं, कधी ५०० अंशांच्या आसपास, हवेत जाळून. सक्रिय कोळशाच्या गाळणीत हे करताच येत नाही, कारण ती स्वतःच पेटेल. झिओलाइट पेटत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण तिथेही वाफेसकट जास्त तापवलं तर जाळीतलं अ‍ॅल्युमिनियम निसटतं आणि जाळी ढासळते. क्रोनस्टेटच्या फुंकणीखाली झालं तेच, फक्त हळूहळू. सिलिकॉनयुक्त वाफा आल्या तर आणखी वाईट. त्यांची जळून वाळू बनते, ती दारांत बसते आणि कुठल्याही तापमानाला निघत नाही.

आणि मग आपला पाऊस. जुलैत खाडीकाठच्या कळव्यात हवेतली आर्द्रता कित्येकदा ८० टक्क्यांच्या वर असते. साध्या झिओलाइटला पाणी फार आवडतं. खोल्या पाण्यानेच भरल्या तर टोल्युइनला जागा कुठे? त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम अगदी कमी आणि सिलिका भरपूर असलेला झिओलाइट वापरतात. तो पाण्याला फारसा थारा देत नाही. म्हणजे क्रोनस्टेटने ज्या पाण्यामुळे या दगडाला ओळखलं, त्याच पाण्याला नको म्हणणारा झिओलाइट कोकणपट्टीच्या हवेत लागतो. थंड, कोरड्या देशासाठी आखलेलं यंत्र इथे जसंच्या तसं बसवलं तर पावसाळ्याचे चार महिने ते निम्म्या ताकदीनेही चालेल याची खात्री देता येणार नाही.

वाफा पकडणारं यंत्र भरून गेलं आहे, हे बाहेरून दिसत नाही. पंखा फिरत असतो, दिवा हिरवा असतो, हवा आत जाते आणि तशीच बाहेर येते. कळतं ते बाहेर पडणाऱ्या हवेतली वाफ सतत मोजली तर, आणि रीजनरेशन किती वेळा, किती तापमानाला झालं याची नोंद ठेवली तर. दर खेपेला थोडी क्षमता कमी होतेच. ती पुरेशी घटली की झिओलाइट काढून नवा घालावा लागतो आणि जुना, आत अडकलेल्या रसायनांमुळे, बऱ्याचदा धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार वेगळा पाठवावा लागतो.